घर स्वस्त व्हायचं तर सरकारने हात कुठे घालायला हवा?

प्रश्न विचारणारे गृहस्थ डोंबिवलीत भाड्याने राहतात. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, मिळून वर्षाला साडेआठ लाख येतात. तीन वर्षांपूर्वी बदलापूरला वन बीएचके ३१ लाखांत पाहिला होता, आज तसाच ३८ लाखांना सांगतात. त्यांचं म्हणणं असं, की सरकार दरवर्षी घरबांधणीला चालना देण्यासाठी काहीतरी जाहीर करतं, तरी घर पुढेपुढेच सरकतं. मग सरकारने नेमकं काय करायला हवं, आणि आम्ही थांबावं का?

मी वास्तुविशारद आहे. गेली अठ्ठावीस वर्षं मुंबई महानगर प्रदेशात नकाशे मंजूर करून घेणं आणि जुन्या सोसायट्यांचे पुनर्विकास मार्गी लावणं हेच माझं काम. त्याआधीची ओळख सांगायची तर नायगावच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली आणि त्यात आम्ही सात माणसं. त्यामुळे या विषयाबद्दल मला तटस्थ राहता येत नाही आणि राहायचंही नाही.

पहिली गोष्ट स्पष्ट करते. घरबांधणीला चालना देणं आणि घर परवडण्याजोगं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं सरकारला बऱ्यापैकी जमतं. दुसरं जमत नाही, कारण त्यासाठी जमीन आणि वेळ या दोन गोष्टींना हात घालावा लागतो.

वेळेचा हिशेब एका प्रत्यक्ष कामातून सांगते. कर्जत लाइनवरच्या एका गावात वीस गुंठ्यांचा तुकडा होता. पाच कोटींची जमीन, पन्नास छोटी घरं. जमीनमालक राजी, पैसे दिलेले, विकास आराखड्यात जागा रहिवासी पट्ट्यातली. कागदावर अडचण काही नव्हती. मोजणी आली तेव्हा सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरची हद्द जुळेना. शेजारच्या गटात दोन गुंठे सरकलेले निघाले. हद्द कायम करून घेण्यात आठ महिने गेले. मग रस्ता. आराखड्यात बारा मीटरचा रस्ता दाखवलेला होता, पण तो ज्या जमिनीतून जातो ती कुणी ताब्यातच घेतली नव्हती. प्रत्यक्षात होती ती बैलगाडीची वाट. त्या वाटेवर नकाशा मंजूर होईना. पुढे पाण्याचा ना-हरकत दाखला, मग त्यावर एक शंका, तिचं उत्तर, उत्तरावर नवी शंका. नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये साठ दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे. पण प्रत्येक शंकेबरोबर ते घड्याळ पुन्हा शून्यावर येतं आणि मानीव परवानगीच्या जोरावर पाया खोदायची हिंमत कोणताही बिल्डर करत नाही, कारण बँक त्या कागदावर कर्ज देत नाही.

एकूण अडीच वर्षं गेली. जमिनीत अडकलेले पाच कोटी १८ टक्क्यांनी उचललेले होते. बँक कच्च्या जमिनीच्या खरेदीला पैसे देत नाही, त्यामुळे हा पैसा बाजारातून याच दराने येतो. अडीच वर्षांचं साधं व्याज सव्वादोन कोटी. पन्नास घरांवर विभागलं की घरामागे साडेचार लाख. या साडेचार लाखांत एक वीट नाही की एक फरशी नाही. घेणाऱ्याने तेवढं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर महिन्याला सुमारे ३,९०० रुपये हप्ता फक्त त्या अडीच वर्षांचा भरायचा. बिल्डरने ते पैसे खाल्ले नाहीत, सरकारच्या तिजोरीत गेले नाहीत, ते कुणाच्याच उपयोगी पडले नाहीत. माझ्या मते घर महाग करणारी यापेक्षा वाईट गोष्ट नाही.

आता चालना देण्याच्या उपायांकडे येऊ. करोनानंतर महाराष्ट्राने काय केलं ते आठवून पाहा. १ सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेरपर्यंत मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढचे तीन महिने दोन टक्क्यांनी कमी केलं. दुय्यम निबंधक कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने नेमलेल्या दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून बांधकामाच्या प्रीमियममध्ये, म्हणजे जादा बांधकामासाठी आणि सवलतींसाठी सरकार-महापालिका घेतात त्या शुल्कात, वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सूट दिली. अट एवढीच, की ही सूट घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. ते वर्ष मी जवळून पाहिलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या कचेरीत दिवे रात्रभर चालू असायचे, कारण ज्यांना दोन-तीन वर्षांनी काम सुरू करायचं होतं तेही सूट संपण्याआधी प्रीमियम भरून ठेवायला धावत होते.

या उपायांना मी वाईट म्हणणार नाही. बंद पडलेली कामं सुरू झाली, गवंडी-सुतार-प्लंबर परत आले, न विकलेली घरं विकली गेली. पण भाव उतरले नाहीत. घेणारा जास्तीत जास्त किती देऊ शकतो यावर घराचा भाव ठरतो. शुल्क वाचलं की देण्याची ताकद तेवढी वाढते आणि घरं मोजकीच असली तर ती वाढलेली ताकद भावात मुरते. तेच गृहकर्जाच्या व्याजाचं आणि तेच अनुदानाचं. मागणीच्या बाजूने पैसा ओतायचा आणि पुरवठ्याचा नळ अर्धवट उघडा ठेवायचा, याचा परिणाम दुसरा होऊच शकत नाही.

मग हा नळ धरून कोण बसलं आहे? इथे एक अवघड गोष्ट बोलावी लागते. आपल्याकडे चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, मुळात शहरातली गर्दी आवरण्यासाठी आला. मुंबईत १९६४ च्या विकास आराखड्यापासून तो लागू झाला. नंतर तो हळूहळू उत्पन्नाचं साधन बनला. मूळ निर्देशांक कमी ठेवायचा आणि वरचं बांधकाम प्रीमियम घेऊन द्यायचं. जिन्याला, लिफ्टला, लॉबीला प्रीमियम. मोकळी जागा कमी पडली तर तिचा प्रीमियम. फंजिबलचा, म्हणजे निर्देशांकावर मिळणाऱ्या जादा क्षेत्राचा, वेगळा. यातले बरेच आकार रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, जमीनदराशी बांधलेले. म्हणजे भाव वाढले की रेकनर वाढतो, रेकनर वाढला की प्रीमियम वाढतो आणि प्रीमियम वाढला की पुढच्या इमारतीचा भाव वाढूनच बाहेर पडतो. जी संस्था परवडणाऱ्या घरांचं धोरण लिहिते तिचं अंदाजपत्रक महागड्या घरांवर उभं आहे. अधिकाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, चांगली माणसं भेटली आहेत. पण घरांचे भाव उतरले तर गटारं, रस्ते, दवाखाने यांचा पैसा कमी होतो हे त्यांनाही दिसतं. जकात गेल्यावर महापालिकांकडे स्वतःची मोठी साधनं फारशी उरलेली नाहीत. म्हणून प्रीमियम कमी करा असं नुसतं म्हणून भागत नाही. त्याच्या जागी मालमत्ता कर नीट बसवावा लागेल, आणि तो राहणाऱ्या आपल्यासारख्यांनाच भरावा लागेल. आज नवं घर घेणारा एकटा शहराचा खर्च उचलतो आणि जुन्या इमारतीत कोट्यवधींच्या घरात राहणारा नाममात्र कर भरतो.

निदान एवढं तर लगेच करता येईल, की प्रीमियम बांधकाम सुरू होण्याआधी न घेता, इमारत राहण्याजोगी झाल्याचं भोगवटा प्रमाणपत्र देताना घ्यावा, आणि ४५ चौरस मीटरखालच्या घरांना तो माफ असावा. तेही कायमचं. मुदतीची सूट दिली की मुदतीत झुंबड उडते आणि मुदतीनंतर शांतता पसरते.

जमिनीच्या बाबतीत तर आपण आपलाच चांगला इतिहास विसरलो आहोत. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागातली शेतं आणि खाजणं घेतली, आधी रस्ते आणि गटारं टाकली, मग भूखंड पाडून भाडेपट्ट्याने दिले. हिंदू कॉलनीतून आज चालताना जी सावली अंगावर पडते ती त्या क्रमाची. पुढे १९१५ चा नगररचना कायदा आला. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ल्याच्या पत्त्यांत अजून 'टीपीएस' (टाउन प्लॅनिंग स्कीम) लिहितात ते त्या योजनांचं नाव, आणि पुण्याचं भांबुर्डाही, म्हणजे आजचं शिवाजीनगर, त्याच पद्धतीने वसलं. या पद्धतीत सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते-बागा-शाळांची जागा काढायची आणि प्रत्येकाला लहान पण चौकोनी, रस्त्याला लागलेला भूखंड परत द्यायचा. जमीन संपादन करावी लागत नाही, मोबदल्याचे खटले होत नाहीत आणि रस्ता घरांच्या आधी येतो. गुजरातने ही पद्धत सोडली नाही. आपल्याकडे १९६६ च्या नगररचना कायद्यात ती आहे, पण आपण आराखड्यावर आरक्षणाचे रंग भरायचे आणि जमीन मिळेपर्यंत वीस वर्षं वाट पाहायची ही सवय लावून घेतली. माझ्या त्या वीस गुंठ्यांसमोरचा कागदावरचा बारा मीटर रस्ता याच सवयीतला.

मध्ये १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा होता. मुंबईत ५०० चौरस मीटरवरची मोकळी जमीन सरकारकडे यावी आणि गरिबांची घरं व्हावीत हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात जमीन सवलतींच्या आणि खटल्यांच्या जाळ्यात अडकली. २००७ साली महाराष्ट्राने तो रद्द केला. त्या तीस वर्षांत वाढलेल्या शहराने मग स्वतःची वाट काढली, एकीकडे झोपडपट्टी आणि दुसरीकडे गुंठेवारी. पुणे, छत्रपती संभाजीनगर, सांगली, नाशिक, कुठेही जा. शेतकऱ्याने एकराचे गुंठे पाडले, रिक्षावाल्याने, कंपनीतल्या कामगाराने मुद्रांकावर एक गुंठा लिहून घेतला आणि पगार येईल तशी एकेक खोली चढवली. २००१ मध्ये कायदा करून सरकारने त्यांना नियमित करायला सुरुवात केली, नंतर मुदती वाढवत गेलं. मला गुंठेवारीत बेकायदेशीरपणापेक्षा गरज दिसते. सामान्य माणसाला लहान भूखंड हवा होता आणि तो त्याला कायदेशीर मार्गाने विकायला कुणी तयार नव्हतं.

आणि तो कायदेशीर मार्गाने देता येतो हे आपण करून दाखवलेलं आहे! कांदिवलीचं चारकोप आणि बोरिवलीचं गोराई बघा. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने तिथे तयार घरं न देता सोयींनी युक्त भूखंड दिले. छोटे भूखंड २५ ते ४० चौरस मीटरचे. साधारण ३५ कुटुंबांची एक सहकारी सोसायटी, मध्ये सामाईक चौक. रस्ता, पाणी, गटार, दिवे सरकारचे, घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. मोठ्या रस्त्यालगतचे मोठे आणि व्यापारी भूखंड बाजारभावाने विकले आणि त्या पैशात छोटे भूखंड स्वस्त बसवले.

काही वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या दुरुस्तीच्या कामाला चारकोपला गेले होते. ज्यांच्या घरी बसले त्या आजी बेस्टच्या कंडक्टरची बायको. सुरुवातीला पत्र्याची एक खोली बांधली, मग बोनसच्या पैशातून भिंती विटांच्या केल्या, थोरल्याच्या लग्नाच्या वेळी वरचा मजला चढवला, धाकटीच्या शिक्षणासाठी खालची खोली भाड्याने दिली. जिना बाहेरून काढलेला, पायऱ्या अरुंद, कठड्याला दोन वेगवेगळ्या वर्षांचे दोन रंग. चौकात तुळशीवृंदावन, नळाची जुनी टाकी आणि संध्याकाळी कॅरम. स्थापत्याच्या परीक्षेत हे घर नापास झालं असतं. पण या बाईला कधी चाळीस लाखांचं कर्ज काढावं लागलं नाही. घर तिच्या मिळकतीच्या चालीने वाढलं. नव्वदच्या दशकानंतर आपण ही योजना गुंडाळली आणि सगळा भर तयार फ्लॅटवर टाकला, जो एकदम, पूर्ण किमतीला, वीस वर्षांच्या हप्त्यावरच घ्यावा लागतो. परवडणाऱ्या घरांसाठी एकच गोष्ट पुन्हा सुरू करा असं मला कुणी म्हटलं तर मी नगररचना योजनेतून मिळणारे चारकोपसारखे छोटे भूखंड म्हणेन. मुंबईत आता त्यासाठी जागा नाही हे खरं. पण पनवेलच्या पुढे, शहापूर-मुरबाडकडे, चाकणभोवती, नाशिकच्या कडेला आहे. मात्र पाण्याची लाइन आधी टाकायला हवी. टँकरवर जगणाऱ्या पंधरा मजली इमारती आपण पुरेशा बांधल्या.

झोपडपट्टी पुनर्वसनाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो स्वतंत्र विषय आहे. १९९५ मध्ये ४० लाख लोकांना मोफत घर देण्याचं आश्वासन होतं. तीस वर्षांनंतरही ते उद्दिष्ट फार लांब आहे. मोफत घराचा खर्च विक्रीच्या घरातून काढायचा, या रचनेत जिथे बाजारभाव जास्त तिथेच योजना पुढे सरकते. म्हणजे गरिबाचं घर होण्यासाठी मध्यमवर्गीयाचं घर महाग राहावं लागतं. बीडीडी चाळींत म्हाडा स्वतः उतरली, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जमीन सरकारची असेल आणि सरकारी यंत्रणेने काम अंगावर घेतलं तर होतं, हे त्यातून दिसलं.

आता अशा नियमांबद्दल, जे आहेत चांगल्या हेतूने पण बोथट झालेत. ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पात २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची हा नियम योग्य आहे. पण माझ्याकडे ३,९०० च्या आसपास कापून आणलेले इतके भूखंड आले की एकदा मी सरळ विचारलं, ही रेघ कोणी मारली? उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. मर्यादा एकाच आकड्यावर ठेवण्यापेक्षा भूखंड वाढेल तसा हिस्सा वाढत गेला तर कापण्यात फायदा उरणार नाही. तसंच जीएसटीचं. २०१९ पासून परवडणाऱ्या घराला एक टक्का, बाकीच्यांना पाच. परवडणारं म्हणजे महानगरात घराच्या आतलं वापरायचं (कार्पेट) क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत. तो ४५ चा आकडा हललेला नाही. किंमतीची अट काढून फक्त क्षेत्रफळाची ठेवली तर छोटी घरं बांधण्याकडे कल वाढेल.

आणि भाड्याची घरं. २०१२ मध्ये केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरांत १ कोटी ८८ लाख घरांची तूट सांगितली, त्यातली जवळजवळ सगळी दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातली. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरांत १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी होती. लोक याचा दोष अजून १९४७ च्या भाडे कायद्याला देतात. त्याने पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन नाममात्र भाड्याने दिलेल्या, इमारतींची वाट लावली हे खरं, पण आज लिव्ह अँड लायसन्सचा नोंदवलेला करार असेल तर घर परत मिळवणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. खरी अडचण साध्या गणिताची आहे. पन्नास लाखांच्या घराला महिना बारा-तेरा हजार भाडं येतं, म्हणजे वर्षाला तीन टक्के. कर्जाचं व्याज आठ-साडेआठ. भाड्यासाठी बांधणारा उभाच राहू शकत नाही. म्हणून भाड्याची घरं सरकारी जमिनीवर, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, जमिनीची किंमत न लावता व्हायला हवीत. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) भाड्याच्या घरांची योजना आणली तेव्हा घराचा आकार १६० चौरस फूट ठेवला. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीचाच आकार. ते वाचून मला फार वाईट वाटलं होतं. पुढे ती घरं बहुतेक प्रकल्पग्रस्तांसाठी आणि इतर कामांसाठीच गेली.

मे २०२५ मध्ये राज्याने 'माझे घर, माझा अधिकार' हे गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, २००७ नंतरचं पहिलं. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक, सरकारी जमिनींची बँक, कामगार, विद्यार्थी, नोकरदार महिला यांच्यासाठी भाड्याची घरं, सगळं त्यात आहे. त्यातली जमीन बँक मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोणत्या खात्याकडे कुठे किती जमीन पडून आहे हे गट नंबरसह जाहीर झालं, तर निम्मी लढाई तिथे होईल. त्याच जोडीला प्रत्येक नगरपालिकेने एक आकडा दर महिन्याला लावावा: अर्ज आल्यापासून बांधकाम परवानगीपर्यंत सरासरी किती दिवस. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाने, १ मे २०१७ पासून बिल्डरला तारखांचा जाब विचारायला सुरुवात केली आणि शिस्त आली. तसा जाब परवानगी देणाऱ्यालाही विचारायला हवा.

आता तुमचा प्रश्न, थांबावं का. धोरणाच्या भरवशावर थांबू नका. मी वर सांगितलेल्या गोष्टी उद्या सुरू झाल्या तरी त्यांचा परिणाम भावात दिसायला सात-आठ वर्षं लागतील. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजावर एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान आहे, तुम्ही उत्पन्नात बसता. पण घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत हवं, आणि तुमचं ३८ चं घर तीन लाखांनी बाहेर पडतं. म्हणून म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत आणि २० टक्के योजनेतल्या घरांसाठी अर्ज भरत राहा, तिथे या मर्यादेत बसणारं घर सापडू शकतं. बिल्डरकडून घ्यायचंच असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतलं बघा. त्यावर जीएसटी लागत नाही, आणि परवानगीत गेलेल्या वर्षांचं ओझं निदान आणखी वाढणार नाही. जायच्या आधी एका उन्हाळ्यातल्या दुपारी त्या इमारतीच्या गेटवर अर्धा तास उभे राहा आणि पाण्याचे किती टँकर आत जातात ते मोजा.